बाराखडीच्या क्रमाने घेतलेला आवाज

वीज गेली की आमचं काम सुरू व्हायचं. मखमलाबादच्या मळ्यात रविवारी दुपारी भारनियमन लागलं की विहिरींवरच्या मोटारी बंद पडायच्या, पंखे थांबायचे, लांबच्या पिठाच्या गिरणीचा आवाजही निवायचा. मग मंदाताई ओसरीतून हाक मारायच्या, "चला सर, गेली!" सगळं गाव विजेच्या नावाने बोटं मोडत असताना आम्ही दोघं खुशीत फुलांच्या खोलीकडे निघायचो. आवाज रेकॉर्ड करायला इतकी शांतता दुसऱ्या कुठल्याही वेळी मिळत नव्हती.

हे कसलं काम, ते आधी सांगायला हवं. मी सातपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्स मेंटेनन्सला होतो. नव्वदच्या दशकात परदेशी मशीनं आली, त्यांची पॅनेलं उघडून बिघाड शोधायचा, ही माझी पगाराची नोकरी. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. दुसरी नोकरी बिनपगारी होती आणि ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. ती मुक्त सॉफ्टवेअरची.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, असं गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मला किमान पन्नास वेळा विचारलं गेलं आहे. कोणीतरी एखादा प्रोग्राम लिहितो आणि आतल्या ओळींसकट लोकांपुढे उघडा ठेवतो. वाचा, वापरा, चुका काढा, दुरुस्ती पाठवा. पाठवलेली दुरुस्ती घ्यायची की नाही, हे त्या प्रकल्पाचा कारभारी ठरवतो. कारभारी बहुधा परदेशात असतो आणि त्याला आपण जन्मात भेटत नाही. सगळा व्यवहार टपालयादीवर, म्हणजे सगळ्यांना दिसेल अशा ई-मेलवर चालतो.

नव्याने येणाऱ्याने आधी काही महिने गप्प बसून जुनी पत्रं वाचावीत. मग अगदी छोटं काम हाती घ्यावं. माझं पहिलं योगदान म्हणजे मदतपुस्तिकेतली चुकलेली एक ओळ. ती स्वीकारली गेल्याचं पत्र मी बायकोला कौतुकाने दाखवलं. ती म्हणाली, "एका ओळीसाठी पेढे आणू का साखरच पुरे?" पुढच्या तीन दुरुस्त्या कारभाऱ्याने एकेका ओळीचं उत्तर लिहून परत पाठवल्या. ते मनाला लावून घ्यायचं नसतं. आणि बिघाड कळवताना 'चालत नाही' एवढंच कधी लिहू नये. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, या तीन गोष्टी लिहाव्यात. अशा प्रत्येक तक्रारीची नोंद होते. दुरुस्ती झाली की नोंद बंद करायची. ती बंद करताना फार बरं वाटतं, इतकं की माणसाला त्याची सवय लागते. या सवयीबद्दल पुढे सांगणार आहे, कारण ती मला भोवली.

अजून एक गोष्ट म्हणजे परवाना. मुक्त केलेली वस्तू परत मागता येत नाही. विरजण शेजारी दिलं, त्यांनी त्यांच्या शेजारी दिलं, की मूळ वाटी घरात असली काय नि नसली काय, दही लागतच राहतं. मी लोकांना हे उदाहरण हसत हसत द्यायचो. मंदाताईंनाही तसंच दिलं होतं.

मी ज्या प्रकल्पात काम करायचो, त्याचं नाव 'निवेदक'. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, मुख्यतः अंधांसाठी. त्याला मराठी येत होतं, पण आवाज दुसऱ्याच भाषेतला होता. इगतपुरीचे गोसावी, रेल्वेत टेलिफोन ऑपरेटर, जन्मांध, हे आमचे सर्वांत चौकस वापरकर्ते. ते मला फोनवर म्हणाले होते, "सर, हा साहेब मराठी वाचतो तेव्हा मला जेवताना खडा लागल्यासारखं वाटतं. एखादं आपलं माणूस बोलवा ना."

ते आपलं माणूस म्हणजे मंदाताई काकड. मळ्याजवळच्या प्राथमिक शाळेत दुसरीचा वर्ग घेणाऱ्या बाई. त्यांचे यजमान रामचंद्र, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, झेंडू आणि शेवंती लावायचे. एका शिबिरात मी त्यांना मुलांना कविता शिकवताना ऐकलं आणि तिथेच विचारलं. त्यांनी एकच प्रश्न केला. "माझ्या आवाजात कोणीही काहीही बोलवून घेऊ शकेल?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "चालेल. आंधळ्या माणसाला घरात वाचून दाखवणारं कोणी असतंच असं नाही." आणि परवान्याच्या कागदावर सही केली.

आवाज बनवण्याची तेव्हाची पद्धत अशी. माणसाकडून वाक्यं वाचून घ्यायची नाहीत. 'तकाता, तकीता, तकूता' असे शेकडो निरर्थक शब्द एका सुरात, भावना न आणता म्हणवून घ्यायचे. मग प्रत्येक शब्दातून एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जातानाचा बारीक तुकडा कापायचा. वाक्य बोलायची वेळ आली की मशीन हे तुकडे जोडून हवा तो शब्द तयार करतं. त्यामुळे त्या माणसाने कधीच न म्हटलेलं वाक्य त्याच्या आवाजात ऐकू येतं.

मार्गदर्शिकेत दोन सूचना होत्या. सगळं रेकॉर्डिंग दोन-तीन दिवसांत संपवा, आणि शब्दांचा क्रम विस्कटून घ्या, म्हणजे आवाजात फरक पडला तरी तो सगळीकडे सारखा विखुरतो. आम्ही दोन्ही मोडल्या. मंदाताईंची शाळा आणि माझा कारखाना, त्यामुळे फक्त रविवार, तोही वीज जाईल तेवढाच वेळ. आणि क्रमाचं म्हणाल तर बाई ऐकायलाच तयार होईनात. "बाराखडी उलटसुलट म्हणायची? सर, पंचवीस वर्षं मी पोरांना क-पासून शिकवतेय. मधूनच भ आला तर माझी जीभ अडेल." मी म्हटलं, बरं. काय बिघडणार होतं?

फुलांच्या खोलीत आम्ही भिंतींना गोणपाट लावले होते. कोपऱ्यात झेंडूच्या क्रेट. मी कंपनीतून मागून आणलेला लॅपटॉप बॅटरीवर चालवायचो आणि त्यांच्यासमोर, दोन हातांवर, बुटक्या स्टुलावर बसायचो. अण्णा बाहेर शेडमध्ये क्रेट भरत असायचे. दिवाळीनंतर 'क' सुरू केला. संक्रांतीला 'च' झाला. उन्हाळ्यात 'त' आणि पावसाळ्याच्या तोंडावर 'प'. पुढे मध्येच त्या थांबून पदराने तोंड पुसायच्या. मी म्हणायचो, पाणी घ्या. त्या म्हणायच्या, "खडूची धूळ बसलीये घशात, काही नाही." मीही म्हणायचो, काही नाही. गणपतीत 'श' आणि 'स' झाले आणि नवरात्राच्या आधी 'ह'.

शेवटच्या रविवारी मी त्यांना दोन मिनिटं नुसतं बसायला सांगितलं. खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवायची पद्धत असते. त्या डोळे मिटून बसल्या. शांततेत त्यांचा श्वास होता, पण फार हलका. मी तो तसाच ठेवला.

पुढे त्या शांततेचा उपयोगही झाला. पहिल्या आवृत्तीत पूर्णविरामाला मशीन पूर्ण गप्प व्हायचं, आणि गोसावी कळवायचे की दर वेळी कॉम्प्युटर बंद पडल्यासारखं वाटतं. मग मी पूर्णविरामाच्या जागी ती खोलीतली शांतता बसवली. परदेशातल्या कारभाऱ्याने प्रथमच मला 'सुंदर' असं लिहिलं. तो दिवस मी फुशारकीत घालवला.

त्यानंतर आठवड्याभरात टपालयादीवर गोसावींचं पत्र आलं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, तिन्ही गोष्टी शिस्तीत. 'बातम्या वाचायला लावल्या. आवाज एकसारखा यायला हवा होता. काही अक्षरांवर बाईंना धाप लागते. क आणि ग म्हणताना त्या ठणठणीत असतात. स आणि ह म्हणताना दमून बसलेल्या माणसासारख्या वाटतात, आणि हे एकाच शब्दात होतं. त्या आजारी आहेत का?'

मी हे पत्र वाचलं आणि तपासाला बसलो. बिघाड शोधण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. सगळ्या तुकड्यांची ताकद मोजली, आलेख काढला. 'क'पासून 'न'पर्यंत रेघ सपाट होती. 'प'नंतर ती खाली यायला लागली होती, हळूहळू, पण थेट 'ह'पर्यंत. मी निष्कर्ष काढला की माइक सरकत गेला असणार. एक छोटा प्रोग्राम लिहून पडलेले तुकडे वर उचलले, धापेचे आवाज कापले, आणि उत्तर लिहिलं. 'रेकॉर्डिंगच्या पातळीत फरक होता. दुरुस्त केलं आहे.' नोंद बंद केली.

गोसावींनी पुन्हा लिहिलं नाही. आता आवाज एकसारखा येत होता.

मंदाताई त्यानंतर अडीच महिन्यांनी दवाखान्यात दाखल झाल्या. फुप्फुसात पाणी आणि त्यामागे गाठ. मी भेटायला गेलो तेव्हा अण्णा जिन्यात उभे होते. म्हणाले, "डॉक्टर म्हनत्यात, लय उशीर केला. सा-आठ म्हैने आधी यायला पाह्यजे व्हतं." मला आत जाता येईना. माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक रेघ होती, ती 'प'पाशी खाली वळत होती, आणि तो रविवार कोणता होता हेही मला माहीत होतं. मी तारीख टाकून फाइली ठेवतो.

मंदाताई गुढीपाडव्याच्या सुमारास गेल्या.

आवाज मात्र पसरत होता. अमरावतीची एक विद्यार्थिनी, सोलापूरचे एक निवृत्त शिक्षक, कुठल्याशा देशातलं एक मराठी कुटुंब. सगळ्यांना मंदाताई पत्रं वाचून दाखवत होत्या, बातम्या सांगत होत्या, आणि प्रत्येक पूर्णविरामाला श्वास घेत होत्या. मी स्वतः चाचणीसाठी मशीन लावायचो तेव्हा मान खाली घालायचो. एकाच वाक्यात दिवाळीतल्या बाई आणि भाद्रपदातल्या बाई बोलत असायच्या, आणि मी दोघींना एका पातळीवर आणून ठेवलं होतं, म्हणून कोणाला कळत नव्हतं. एकदा तर 'सकाळ' असा साधा शब्द ऐकताना 'क' म्हणणारी 'स' म्हणणारीला हात देतेय असं वाटून मी खोलीबाहेर निघून गेलो.

पुढच्या वर्षी अंधांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने नाशिकमध्ये कार्यक्रम ठेवला आणि मंदाताईंच्या नावाने अण्णांचा सत्कार करायचं ठरवलं. मी अण्णांना घेऊन गेलो. धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हात मांडीवर. सभागृह भरलेलं, बहुतेक लोक अंध. संयोजकांना वाटलं, सूत्रसंचालन 'निवेदक'नेच केलं तर छान होईल. मजकूर त्यांनी टाइप करून ठेवला होता. मला विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी माझ्या डोक्यात काही आलं असतं असं नाही.

कळ दाबली. सभागृहातल्या मोठ्या स्पीकरमधून मंदाताई म्हणाल्या, "नमस्कार. आजचे प्रमुख पाहुणे, रामचंद्र सखाराम काकड, यांचं स्वागत."

टाळ्या झाल्या. अण्णा अर्धवट उठले आणि तसेच राहिले, गुडघे वाकलेले, एक हात खुर्चीच्या पाठीवर. त्यांनी वळून मागे पाहिलं, दाराकडे. मग स्पीकरकडे. मी त्यांना धरून बसवलं. शाल कोणी घातली, नारळ कोणी दिला, त्यांना कळलं नाही.

आम्ही रिक्षाने निघालो. पंचवटीच्या पुढे म्हणाले, "साहेब, ती माझं नाव घेत नव्हती."

मला आधी समजलं नाही.

"कधीच नाय. आमच्यात नाय घेत. लग्नात उखान्यात घेतलं तेवढं एकदा. शाळंच्या कागदावर लिहायची, पन तोंडानं नाय. मी शेताच्या त्या टोकाला आसलो तरी पोराला पाठवायची, पन हाक नाय मारायची. आज तिनं एवढ्या मान्सांत घेतलं." मग म्हणाले, "ती नाय ती. तिच्या गळ्यानं दुसरं कोनतरी बोलतंय. तो आवाज बंद करा साहेब. परत द्या मला."

मी त्यांना परवाना समजावून सांगितला. विरजणाचं उदाहरण तोंडाशी आलं, पण दिलं नाही. माझ्याकडची प्रत मी पुसू शकत होतो. बाकीच्या किती नि कुठे आहेत, ते मला ठाऊक नव्हतं. त्या परत मागायचा अधिकार मला नव्हता, अण्णांनाही नव्हता.

"मंग मालक कोन तिचा?" अण्णांनी विचारलं.

रिक्षा मळ्यापाशी थांबली. ते उतरले आणि वळूनही न पाहता मळ्यात गेले.

आठ दिवस मी कशालाच हात लावला नाही. आवाज काढून टाकावा तर गोसावी आणि त्यांच्यासारखे लोक पुन्हा त्या परभाषी आवाजाच्या हवाली. ठेवावा तर अण्णांच्या बायकोला भूत करून दारोदार फिरवल्यासारखं. नवव्या दिवशी, भर दुपारी, अण्णाच घरी आले. म्हणाले, "ते मशीन घ्या आन् चला. मला तिचं सगळं ऐकायचंय. मशीननं जोडलेलं नाय. तिनं म्हनलेलं."

आम्ही फुलांच्या खोलीत बसलो. गोणपाट अजून भिंतींना होते. मी मूळ फाइली लावल्या, माझी दुरुस्ती होण्याआधीच्या, बाराखडीच्या क्रमाने. तकाता, तकीता, तकूता. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांना हसू आलं, कारण 'ग'च्या आसपास मंदाताईंना स्वतःच्या बोलण्याचं हसू आलं होतं. तास गेला. दीड तास गेला. त, थ, द, ध, न.

'प' सुरू झाला आणि अण्णांनी हात वर केला. "हितून."

मी फाइल थांबवली.

"हितून तिचा दम तुटाया लागला." त्यांनी डोळे उघडले. "मी भायेर व्हतो. क्रेट भरीत व्हतो, मला ऐकू नाय आलं. तुम्ही तर समोर बसला व्हता."

मी त्यांना सगळं सांगितलं. गोसावींचं पत्र, त्यातला प्रश्न, मी काढलेली रेघ, मी दिलेलं उत्तर. ती नोंद बंद केली हेही सांगितलं. बंद म्हणजे काय, ते त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं. आयुष्यात मी कुठलाच बिघाड एवढा अचूक शोधला नव्हता आणि एवढा चुकीचा दुरुस्त केला नव्हता. एका न पाहणाऱ्या माणसाला इगतपुरीत बसून कळलं होतं. मला दोन हातांवरून कळलं नाही, कारण मी लॅपटॉपवर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या सुईकडे बघत होतो. मी रडलो. अण्णांनी मला गप्प केलं नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत.

मग ते म्हणाले, "पुढं लावा."

'ह' संपेपर्यंत ऐकलं. शेवटी ती दोन मिनिटांची शांतता आली. अण्णा पुढे झुकले. श्वास येत होता आणि जात होता, त्याच खोलीत. आम्ही दोघांनीही आपले श्वास रोखून धरले होते, हे ती संपल्यावर लक्षात आलं.

"हे कापू नका," अण्णा म्हणाले. "बोलू द्या तिला. तिनं सही केलीय, तिचा शब्द मी मोडनार नाय. आंधळ्यांना वाचून दाखवती, दाखवू द्या. पन माझं नाव तिच्या तोंडून नको."

एवढीच मागणी. मी त्या आठवड्यात एक छोटीशी दुरुस्ती लिहिली, आठ ओळींची. मंदाताईंच्या आवाजात 'रामचंद्र सखाराम काकड' हे नाव आलं, तर ते म्हणायचं नाही. तिथे थांबायचं. त्या थांबण्यात काय ऐकवायचं, तर खोलीतली शांतता. कारभाऱ्याने विचारलं, यातून नेमका कोणता बिघाड दुरुस्त होतो? मी लिहिलं की आमच्याकडच्या पुष्कळ बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, या बाईंनी घेतलं नव्हतं, आणि आपण त्यांना ते घ्यायला लावतोय. दोन दिवसांनी त्याचं नेहमीसारखं त्रोटक उत्तर आलं, 'दुरुस्ती घेतली'. त्याच दिवशी मी गोसावींची जुनी नोंद पुन्हा उघडली आणि खाली खरं उत्तर लिहिलं, की होय, त्या आजारी होत्या.

जुन्या प्रती ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्याकडे ते नाव अजूनही उच्चारता येत असेल. त्याला इलाज नाही. अण्णांना मी तेही सांगितलं.

नवी आवृत्ती आली तेव्हा लॅपटॉप घेऊन मळ्यात गेलो. अण्णा क्रेट पालथी घालून तिच्यावर बसले. मी टाइप केलं, 'हा मळा रामचंद्र सखाराम काकड यांचा आहे', आणि कळ दाबली.

"हा मळा," मंदाताई म्हणाल्या, आणि थांबल्या. श्वास आला, गेला. मग म्हणाल्या, "यांचा आहे."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हां," ते म्हणाले. "आता तीच हाय."